आम्ही समुद्र पाहायला जाणार

आमचे गाव जत तालुक्यात आहे. इकडे पाऊस फार कमी पडतो. मी समुद्र फक्त पुस्तकात पाहिला आहे. आमच्या आजीने तर तोही पाहिलेला नाही. म्हणून घरी सर्वांनी मालवणला जायचे ठरवले आहे.

मालवणजवळ समुद्रात कुरटे नावाचे बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधला. त्याचे काम १६६४ साली सुरू झाले व १६६७ साली पुरे झाले. किल्ल्याच्या तटाला लागून वाळूचा लहानसा किनारा आहे. त्याला राणीची वेळा म्हणतात. तेथे मी शिंपले वेचणार आहे.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी, पण विहिरींचे पाणी गोडे! हे मी वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "काय बी सांगतीस!" गुरुजींनी सांगितले की, पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून ते वर राहते. मी घरी तसे सांगितले. तरी आजीला पटले नाही. ती म्हणाली, "मी जल्मभर लांबनं पाणी वाहिलं. मला त्या हिरी बघायच्याच हायत. गुडघं चालत्यात तवर न्या."

पण जायचे कधी? पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा किल्ल्याच्या होड्या बंद असतात. मे महिन्यात सुट्टी असते, पण तेव्हा आमच्याकडे टँकर येतो. घागरी भरायला सगळी माणसे लागतात. दिवाळीपर्यंत ज्वारीची पेरणी उरकते. म्हणून भाऊबीज झाली की निघायचे. शेरडांकडे काका बघणार आहेत.

कोल्हापूरहून फोंडा घाटाने एस.टी.ने जायचे. मला अर्धे तिकीट आहे. २०२३ सालापासून बायकांनाही अर्धे तिकीट आहे. म्हणजे आप्पांचे एक आणि आई, आजी व माझे अर्धे अर्धे. चौघांची मिळून अडीच तिकिटे! होडीचे पैसे निराळे. खर्चासाठी आप्पा एक बोकड विकणार आहेत.

आजीने आत्ताच तांब्या घासून ठेवला आहे. विहिरीचे पाणी ती स्वतः चाखून बघणार आहे. ते गोडे लागले की नाही, ते मी दिवाळीनंतर या भित्तिपत्रकात लिहीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी