सुटलेलें व्यसन, राहिलेली आठवण

व्यसन सोडण्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु व्यसन सुटल्यावर त्याची जी आठवण मागें राहते, तिच्यासह दिवस कसे काढावे, याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. एखाद्यानें सिगारेट सोडली, चार मंडळींनीं त्याची पाठ थोपटली, आईनें देवापुढें साखर ठेवली, कीं तो विषय संपला असें घरांत सर्वांस वाटतें. ज्यानें सोडली त्याचा मात्र खरा विषय तेथूनच सुरू होतो. आम्हांस सिगारेट सोडून या चैत्रांत दोन वर्षें पूर्ण झालीं. या दोन वर्षांत आम्हीं एकही ओढलेली नाहीं. आणि तिची आठवण झाली नाहीं असा एक आठवडाही गेलेला नाहीं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, एवढेंच सांगण्यासाठीं हा लेख आहे.

आमचें गांव पिशोर. कन्नड तालुक्यांतलें, अंजना नदीच्या कांठचें. वडील बिडी ओढीत. फुप्फुसाच्या विकारानें ते गेले. अखेरच्या वर्षीं अंगणापासून देवघरापर्यंत जातांना त्यांस वाटेंत दोन वेळां विसांवा घ्यावा लागे, आणि आई न बोलतां दोन्ही ठिकाणीं पाट मांडून ठेवी. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं आम्हीं सिगारेट सोडली.

पहिले कांहीं दिवस शरीराच्या कुरकुरीचे होते. तंबाखूंतलें निकोटीन धुराबरोबर दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें आणि रक्तांतलें त्याचें प्रमाण सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें. म्हणूनच ओढणाऱ्यास थोड्या थोड्या वेळानें पुन्हां हांक येते. सोडल्यावर चिडचीड, निद्रानाश, वाढलेली भूक, कामांत चित्त न लागणें हे त्रास पहिल्या आठवड्यांत अधिक असतात आणि बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतात. त्या काळांत आमचा आवाज घरांत इतका चढे, कीं आई एकदां म्हणाली, "अरे, तुझं ओढणं परवडलं, सोडणं फार महाग पडतंय!" तेंही दिवस गेले. शरीर शांत झालें. मन मात्र शांत झालें नाहीं.

येथें आम्हांस ती लहानपणीं ऐकलेली माकडाची गोष्ट आठवते. वैद्यानें औषध दिलें आणि बजावलें, कीं हें घेतांना तेवढें माकड मनांत आणूं नका. रोग्यास जन्मांत कधीं माकड आठवलें नव्हतें. पण त्यानंतर पेला हातीं घेतला, कीं पहिलें माकडच पुढें येऊन बसे! आपल्या आजीबाईंनीं सांगितलेल्या या गोष्टीची परीक्षा अमेरिकेंत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानें केली व ती १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. त्यानें विद्यार्थ्यांस पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका असें सांगितलें, आणि आलाच तर घंटा वाजवा म्हटलें. घंटा वाजत राहिल्या. इतकेंच नव्हे, तर मनाई उठल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनांत अस्वल अधिकच वावरूं लागलें. पुढें २०१० सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं सिगारेट ओढणाऱ्यांवरच असा प्रयोग केला. ज्यांस आठवडाभर धूम्रपानाचे विचार दाबून टाकावयास सांगितलें, त्यांनीं त्या आठवड्यांत सिगारेटी कमी ओढल्या. परंतु पुढच्या आठवड्यांत इतरांपेक्षां अधिक ओढल्या.

तंबाखू आपल्या देशांत पोर्तुगीजांनीं आणली. अकबराचा सरदार असद बेग यानें ती विजापुरास पाहिली आणि इ. स. १६०४ च्या सुमारास बादशहापुढें नेऊन ठेवली. १६१७ सालीं जहांगिरानें तिला मनाई केली. तरी ती देशभर पसरलीच. आमच्या मनांतही असाच एक जहांगीर पहिले सहा महिने रोज फर्मान काढीत होता. फर्मान जितकें कडक, तितकी आठवण दांडगी!

तेव्हां आम्हीं फर्मानें बंद केलीं. आठवण आली, तर 'आली' म्हणावें, तिला बसूं द्यावें, आणि आपलें काम चालू ठेवावें. अशी तलफ बहुधा कांहीं मिनिटांपुरती असते. तिचें ऐकलें नाहीं तरी ती आपण होऊन उतरते. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व्यसनमुक्तांस हाच उपदेश केला, कीं तलफ ही लाट समजा; तिच्याशीं झुंजूं नका, तिच्यावर तरंगा. हें वाचून आम्हांस नवल वाटलें नाहीं, कारण आपल्या भाषेंत 'ऊर्मि' या एका शब्दांत लाट आणि मनाची उचंबळ असे दोन्ही अर्थ पूर्वींपासून नांदत आहेत. वकिलीच्या कामानिमित्त आम्ही कन्नडास जातों. बसथांब्यावर तलफ आली, कीं घड्याळाकडे पाहतों. बस येण्यापूर्वींच ती बहुधा निघून गेलेली असते.

आठवण शांतपणें पाहूं लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. ती कधींही येत नाहीं. तिच्या वेळा ठरलेल्या आहेत. सकाळचा चहा, जेवणानंतरची सुपारी, अशिलानें फार पिडल्यानंतरची घटका, आणि संध्याकाळीं नदीकडचा फेरफटका. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याच्या कुत्र्यांस ठराविक खूण मिळतांच अन्नावांचूनही लाळ सुटे. तसेंच आमच्या मनास कपबशीचा आवाज ऐकूं आला, कीं धूर आठवे. आणि नीट पाहिलें, तर त्या आठवणींत तंबाखूची चव थोडीच असे. तिच्यांत असे तें कामांतून मिळालेलें पांच मिनिटांचें स्वातंत्र्य. तिच्यांत असे तो बसथांब्यावर "काडी आहे का?" म्हणून विचारणारा आणि त्या एका काडीवर आपल्या पोरीच्या लग्नाची चिंता सांगून जाणारा अनोळखी मनुष्य. आम्हीं सिगारेटीबरोबर विसांवाही सोडला होता व सोबतही. मन मागत होतें तें बहुतांशीं हेंच. नांव मात्र सिगारेटीचें घेत होतें.

मग घरच्या मंडळींच्या साह्यानें मांडणी बदलली. चहा माडीवरून स्वयंपाकघरांत आला. तेथें आई भाजी निवडीत असते, आणि तिच्याजवळ बसून चहा घेतांना दुसरें कांहीं सुचत नाहीं. आमच्या भागांत आल्याचें पीक मोठें. तेव्हां भावजयीनें आल्याचे बारीक तुकडे लिंबू व सैंधव लावून वाळवले आणि डबीत भरून दिले. ती डबी आतां कोटाच्या त्याच खिशांत असते. सौ.नें तो कोट दोनदां धुवून उन्हांत टाकला. संध्याकाळचा फेरफटका सोडला नाहीं, सोबतीही सोडले नाहींत. ते पेटवितात तेव्हां आम्ही चार पावलें पुढें जाऊन थांबतों. सर्वांत मोठी मदत म्हणजे "आज आठवण झाली का?" असें घरांत कोणी रोज विचारीत नाहीं. विचारपूस करणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांस आमची विनंती आहे, कीं बरी होत असलेली जखम वारंवार उघडून पाहूं नये.

हें सर्व लिहिण्याचें तात्कालिक कारण आमचा पुतण्या. तो छत्रपती संभाजीनगरास शिकतो. दिवाळीच्या सुटींत रात्रीं अंगणांत तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हांला आतां आठवण येत नसेल ना?" त्याच्या स्वरावरून सर्व उमगलें. 'नाहीं' म्हणणें सोपें होतें. वडीलपणास शोभलेंही असतें. आम्हीं सांगितलें, "येते. आज संध्याकाळींच येऊन गेली." तो बराच वेळ गप्प बसला. मग कळलें, कीं त्यालाही ती संवय लागली होती आणि तीन आठवड्यांपूर्वीं कोणास न सांगतां त्यानें ती सोडली होती. रोज आठवण येते, त्या अर्थीं आपल्यानें हें होणार नाहीं, असें ठरवून तो पुन्हां सुरू करण्याच्या बेतांत होता. "म्हणजे आठवण आली तरी मी हरलो नाहीं?" त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "ओढलीस का?" "नाहीं." "मग हरलास कसा?"

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतला विचार असा आहे, कीं विषय सुटले तरी त्यांची गोडी मागें रेंगाळते. आणि सहाव्या अध्यायांत चंचल मनावर उपाय सांगितला आहे तो अभ्यास व वैराग्य यांचा. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हां पुन्हां करणें. प्रत्येक आठवण न ओढतां जाऊं देणें हाच आमचा अभ्यास, आणि तिच्या खेपा विरळ होत चालल्या आहेत, हें त्याचें फळ. ज्यांस एकट्यानें जमत नाहीं त्यांनीं संकोच न करतां डॉक्टरांस भेटावें. तलफ शमविणारीं औषधें आज उपलब्ध आहेत, आणि २०१६ पासून १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारी सल्लाही विनामूल्य मिळतो. उशीर झाला असेंही कोणी मानूं नये. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यासही सुमारें तीन वर्षांचें, आणि तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यास सुमारें दहा वर्षांचें आयुष्य अधिक लाभल्याचें दिसलें.

पुतण्या दर रविवारीं फोन करतो. अभ्यासाचें बोलून झाल्यावर हळूच सांगतो, "काका, या आठवड्यांत दोनदांच." आम्हीही आमचा आंकडा सांगतों. कधीं त्याचा कमी असतो, कधीं आमचा. आंकडा आठवणींचा असतो. सिगारेटींचा दोघांकडेही शून्यच आहे.