केल्पचं बालपण : वहीतली काही पानं

५ मार्च, मॉन्टेरी
जायंट केल्प या अवाढव्य समुद्री शैवालाच्या बुडाजवळ बीजाणू धरणारी खास पाती असतात. डायव्हरनी काल ती आणून दिली. पुसून, ओल्या कागदात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि आज थंड समुद्रपाण्यात सोडली. तासाभरात पाणी फिकट तपकिरी झालं. मायक्रोस्कोपखाली नुसती झुंबड! हे बीजाणू इतके बारीक की एका मिलिमीटरच्या रांगेत दीडशेच्या आसपास मावतील. डिशमध्ये मुद्दाम दाट पेरले. तळावर चौरस मिलिमीटरला एकापेक्षा विरळ बसले तर पुढे नर आणि मादी एकमेकांना सापडत नाहीत. समुद्रातही हाच हिशेब.

८ मार्च
बीजाणू रुजले. आता ही गॅमेटोफाइटची अवस्था, मोजक्या पेशींचे नर आणि मादी तंतू. डिशचे गट पाडले : नायट्रेट भरपूर, बेताचं आणि जवळजवळ नाहीच. प्रकाश, फॉस्फेट, लोह सगळीकडे सारखं. लोह चुकवून चालत नाही, त्याच्याशिवाय मादी अंडी धरत नाही. डायटम हे सूक्ष्म शैवाल माजू नये म्हणून जर्मेनियम डायऑक्साइडचे थेंब टाकले, पण मात्रा जपून. जास्त झालं तर केल्पही आजारी पडतो.

२७ मार्च
भरपूर नायट्रेटच्या डिशमध्ये अंडी दिसली. काही फळलीही आहेत. तंतूच्या टोकाला एकेरी थराचं इवलंसं पातं उभं आहे. हा स्पोरोफाइट, म्हणजे पुढे समुद्रात तीस मीटर वाढणाऱ्या केल्पची सुरुवात. उपाशी डिशमध्ये मात्र सगळं ठप्प. तंतू तपकिरी आहेत, जिवंत आहेत, पण अंडी नाहीत.

३ एप्रिल
वायव्येचा वारा सुटलाय. धक्क्यावर पाणी १० अंशांवर आलं. हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी आत समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं. आमच्याकडे थर्मामीटर बघूनच खताचा अंदाज बांधतात. १५-१६ अंशांच्या वर पाणी गेलं की नायट्रेट जवळपास संपलंच म्हणून समजायचं.

११ एप्रिल
बाबांचा फोन. काय चाललंय विचारलं म्हणून सांगितलं. म्हणाले, "म्हणजे दाणा पेवात असेल तर पाऊस लांबला तरी चालतं. रोप वर आल्यावर पावसाने दडी मारली की संपलं." त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही माझा पुढचा प्रयोगच सांगितलात."

१४ एप्रिल
अदलाबदल केली. उपाशी गॅमेटोफाइटना नायट्रेट दिलं. वाढत्या स्पोरोफाइटच्या अर्ध्या डिशचं नायट्रेट तोडलं.

२ मे
उपाशी गॅमेटोफाइट जागे झाले, अंडी आली. इतके दिवस थांबल्याचा त्यांना काही तोटा झालेला दिसत नाही. नायट्रेट तोडलेली पाती मात्र फिकी पडली. आधी वाढ थांबली, मग टोकं विरायला लागली. मोठ्या केल्पच्या अंगात नायट्रोजनचा दोन-तीन आठवड्यांचा साठा असतो. या मिलिमीटरभर पात्यात साठवायला जागाच नाही.
एका डिशमध्ये जर्मेनियमशिवाय भरपूर खत घालून पाहिलं. तिथे डायटमचा तपकिरी गालिचा झाला आणि केल्प खाली दबला. जास्तीचं खत शेजाऱ्यांच्या पोटात गेलं.

९ मे
जुने पेपर काढले. १९८२-८४ च्या एल निन्योत, म्हणजे समुद्राचं पाणी उबदार झालं त्या काळात, दक्षिण कॅलिफोर्नियात संशोधकांनी समुद्रतळावरच्या कोवळ्या केल्पना सावकाश विरघळणारं खत दिलं. खत मिळालेली रोपं बिनखताच्या रोपांपेक्षा जोरात वाढली. म्हणजे त्या उबदार पाण्यात नुसती उष्णता नडत नव्हती, उपासमारही होती. दुसरी नोंद बाहा कॅलिफोर्नियाची, या केल्पच्या दक्षिण सीमेजवळची. १९९७-९८ च्या एल निन्योत तिथलं केल्पचं रान नाहीसं झालं, एकही मोठं झाड उरलं नाही. पाणी थंड झाल्यावर त्याच जागी नवी रोपं आली. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थेत काहीतरी तगून राहिलं असणार, हाच निष्कर्ष निघतो.

१६ मे
आज बैठकीत केल्प पुन्हा लावायच्या योजनेवर चर्चा झाली. सगळा भर किती रोपं सोडायची यावर. मी आलेख पुढे ठेवला आणि म्हटलं, संख्या नंतर ठरवू, आधी आठवडा ठरवू. रोप सोडल्यावर निदान काही आठवडे पाणी थंड राहिलं पाहिजे आणि तळापर्यंत पुरेसा उजेड पोचला पाहिजे. दोन्ही एकदम जुळतात असे दिवस वर्षात थोडेच. तोवर बियाणं गॅमेटोफाइटच्या रूपात लाल दिव्याखाली ठेवावं. निळा प्रकाश मिळेपर्यंत ते अंडी धरत नाहीत, नुसते वाढत राहतात. जांभळ्या समुद्री साळूंचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल, खाऊन पिऊन मोठी झालेली पाती त्यांना आयती मिळायला नकोत. एकाने विचारलं, वारा पडला तर? तर थांबायचं. गॅमेटोफाइट थांबू शकतात, घाई आपल्यालाच असते.
ठरलं ते असं : उद्यापासून तळावर दोन तापमान नोंदयंत्रं, आणि आकडे पाहिल्याशिवाय एकही रोप पाण्यात नाही.