माळवदाखालची दुपार

उमरगा, लोहारा, तुळजापूर भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड असत. दगड-मातीच्या त्या भिंती, आत लाकडी खांब नि तुळया, त्यावर बारीक लाकडं आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद. बाहेर बेचाळीस अंशांची काहिली असली तरी उंबरा ओलांडला की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि पायांखाली सारवलेली गार जमीन लागायची. छताला साणं ठेवलेलं असे. त्यातून पडलेला कवडसा सरकत सरकत भिंतीला चढला की आजी उठायची, म्हणजे ऊन कललं. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, चुलीपाशी ज्वारीच्या आंबिलीचं भांडं. रात्री त्याच माळवदावर वाकळा पसरायच्या.

या घरांचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र लपवू नये. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकत आणि वर्षानुवर्षं छप्पर जड होत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागातल्या भूकंपात हीच माती आणि हेच दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो गेले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढलेल्यांना डोक्यावर पत्राच बरा वाटू लागला. वाटणारच. पुनर्वसनात सिमेंटची घरं आली. आता दुपारी पत्र्याची भट्टी होते आणि स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री घरात सोडतो.

पण घरापेक्षा मोठा बदल मला रानात दिसतो. उन्हाळ्यातली नांगरट तेव्हा पहाटे सुरू व्हायची, चांदणं असलं तर त्याच्याही आधी. दहा-अकराला बैलं धापा टाकू लागली की औत सुटलं. बैल उन्हात जुंपणाऱ्याला गाव नावं ठेवी. बैल लिंबाखाली रवंथ करत बसायचे आणि माणूसही पटका उशाला घेऊन तिथंच आडवा व्हायचा. माणसाची दुपारची सुट्टी बैलाच्या जिवावर होती, हे बैल होते तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ट्रॅक्टरला ऊन लागत नाही. कामाचा पैसा तासावर, म्हणून दुपारी एकलाही गडी स्टिअरिंगवर बसलेला असतो, डोक्यावर फार तर एक टोपी.

अर्थात दुपारची ती सावली सगळ्यांच्या वाट्याला नव्हती. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं भर उन्हात खडी फोडत होती, तलावांची माती वाहत होती. त्यांना ना माळवद होतं ना लिंब. जुन्या शहाणपणातही भेसळ होतीच. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही. कांदा बाळगणाऱ्याच्या डोक्याला पटका असायचा आणि श्रेय कांदा घेऊन जायचा! पोर उन्हानं ग्लानीत गेलं तरी आधी दृष्ट काढायची, वैद्य नंतर.

आज आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं मिळतात, 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावली आणि ओआरएस. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी! बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घालत राहा.

नुसत्या पाऱ्यावरही भिस्त ठेवू नये. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघातानं माणसं दगावली, तेव्हा पारा अडतिसाच्या आसपासच होता. हवा दमट, वर मांडव नाही आणि माणसं तासन्‌तास बसलेली. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुन्याचे खडे वेचायला लाखांनी लोक लोटतात, तेही उन्हाच्या ऐन भरात. तिथं म्हाताऱ्यांना आणि लेकरांना सकाळीच दर्शन घडवून सावलीला बसवावं.

माळवद परत येणार नाही, येऊही नये. पत्र्यावर पांढरा चुना मारला तर घर थोडं तरी कमी तापतं आणि त्याला फार खर्च नाही. दुपारची सुट्टी मात्र परत आणता येते. ट्रॅक्टरमालकांनी, बांधकामाच्या मुकादमांनी, उसा-भाजीपाल्यात बायका खुरपायला नेणाऱ्या शेतकऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला काम सुरू करावं आणि बारा ते चार बंद ठेवावं. त्या चार तासांची मजुरी मात्र कापू नये. रोज बुडेल या भीतीनंच माणूस उन्हात उभा राहतो.