पुढचं शून्य

इंदिरानगरात आठवी-नववीला गणित शिकवताना मी वर्षाची सुरुवात एका वजाबाकीने करते. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करायची, येईल त्या उत्तराला पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च.

हा शोध इथून जवळच, देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांचा. १९३० ते १९६२ ते तिथल्या शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नाही, पुस्तिका स्वतःच छापायच्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर गेलं.

आता फोनला विचारलं की ६१७४ क्षणात हजर. तरी मी हे वहीतच करून घेते, आणि ते काही जुन्याच्या प्रेमापोटी नाही. १११२ घेणारं कुणीतरी निघतंच. पहिली वजाबाकी ०९९९. पोरगं लिहितं नुसतं ९९९, पुढच्या पायरीला शून्य येतं आणि ते जाहीर करतं, “मॅडम, नियम चुकीचा आहे!” मी याचीच वाट बघत असते. पुढचं शून्य टाकलं तरी संख्येची किंमत बदलत नाही, पण इथे आपण चार घरं भरतोय. शून्य ठेवलं की ९९९० – ०९९९ = ८९९१, आणि तिथून आणखी तीन पायऱ्यांत ६१७४. कुणाची स्थानिक किंमत कच्ची आहे, हे मला त्या वहीत दिसतं. ॲपने तयार उत्तर दिलं असतं तर चूक झालीच नसती, आणि कच्चेपणा झाकलेला राहिला असता.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत आणलेले क्यूआर कोड आता बालभारतीच्या पुस्तकांवर आहेत, ते मीही वापरते. पण व्हिडिओ बघून ‘समजलं’ वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चारदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणून माझ्याकडे स्क्रीन नंतर येतो, पण येतो. वह्या भरल्या की स्प्रेडशीट उघडायची: १००० ते ९९९९, सारख्या अंकांच्या नऊ संख्या वगळून ८,९९१. एकही सातपेक्षा जास्त पायऱ्या घेत नाही. हे हाताने कोण करणार?

मग कुणीतरी तीन अंकांकडे वळतं, तिथे ४९५ सापडते. दोन अंकांत मात्र नुसता फेरा: ०९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ०९. हे सगळे नवाच्याच पाढ्यातले का, असं कुणी विचारलं की त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवते.