फॉरमॅट मारण्याआधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार काढून घेतला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली धडधाकट यंत्रे एका दिवसात जुनी ठरली. यवतमाळ, वणी, पुसदच्या सेवा केंद्रांत किंवा शाळांत असे यंत्र असेल तर त्याला लिनक्स हा रास्त पर्याय आहे. पण सुरू होताना पडद्यावर ‘फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ उमटली, की दुरुस्तीच्या दुकानात इलाज ठरलेला: फॉरमॅट मारा. माझ्या मते हा इलाज या दुखण्याला बहुधा लागूच पडत नाही.

मॉड्यूल म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, गरजेपुरता जोडला जाणारा तुकडा. वायफायचा वेगळा, ग्राफिक्स कार्डाचा वेगळा. सुरुवातीला एक सेवा नावांची यादी वाचून ही मॉड्यूल चढवते आणि यादीतले एक नाव जरी सापडले नाही तरी सगळी सेवाच नापास दाखवते. उबुंटू, मिंटमध्ये छपाईच्या पॅकेजने ठेवलेल्या अशा एका यादीत ‘एलपी’ आणि ‘पीपीडेव्ह’ ही नावे असत. ती पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टसाठी, म्हणजे जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही! नावाआधी हॅशची खूण टाकली की तक्रार मिटते. फॉरमॅट मारून तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर तीच यादी परत येते.

यंत्र किंवा वायफाय खरोखर अडते तेव्हा कारण बहुधा आवृत्तीचे असते. एनव्हिडियाचे किंवा काही ब्रॉडकॉम वायफायचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. अपडेट चालू असताना वीज गेली, की कर्नल नवा आणि मॉड्यूल अर्धवट. अशा वेळी ग्रब या सुरुवातीच्या मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडावा, यंत्र उठते; मग राहिलेले अपडेट पुरे करावे. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असे आले तर मॉड्यूल शाबूत आहे, सिक्युअर बूटला त्याची सही मान्य नाही. त्यासाठी किल्ली नोंदवावी किंवा बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावे. डिस्क कितीही पुसली तरी बायोसची सेटिंग बदलत नाही.

दुकानदार म्हणेल, गिऱ्हाईक बाकावर बसलेले असते, फॉरमॅटला लागणारा वेळ तरी ठाऊक असतो, शोधाचा भरवसा काय? आक्षेप खोटा नाही. पण सगळा लॉग उपसायचा नसतोच. या खेपेच्या नोंदींत त्या एका सेवेच्या चार-दोन ओळी पाहिल्या की मॉड्यूलचे नाव हाती लागते. शिवाय गिऱ्हाइकाचे स्कॅन केलेले सातबारे आणि फोटो वाचतात, हे हिशेबात धरायला नको? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज यंत्रे अडली. तिथेही दोष कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरपाशीच होता आणि दिलेला उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढण्याचा. लिनक्सच्या त्या नोंदींत डिस्कवरून वाचता येत नसल्याच्या ओळी दिसल्या, तर मात्र गोष्ट वेगळी: आधी डेटा उतरवून घ्यावा आणि डिस्क बदलावी. फॉरमॅट तिथेही कामाचा नाही.