नाम नको लेव

"फोटो दिसत नाही आणि दोन माणसं तासभर फोटोवर बोलतात, हे ऐकणार कोण?" असं माझा मेहुणा म्हणाला होता. त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. मी आणि परभणीत स्टुडिओ चालवणारा माझा एक मित्र, आम्ही दोघं फोटोग्राफीवर मराठीत पॉडकास्ट करतो. सुरुवातीचे भाग आम्ही नीट रेकॉर्ड करून, खोकला-ठसका कापून, चकाचक करून टाकले. ऐकणारे बहुतेक याच धंद्यातले होते. "छान झालं" म्हणायचे आणि विषय संपायचा. मग आम्ही शुक्रवारी इशाच्या नमाजनंतर यूट्यूबवर थेट बोलायला बसलो आणि प्रश्नांसाठी एक व्हॉट्सॲप नंबर ठेवला.

थेट बोलण्यात नवं काही नाही. आमच्या घरात परभणी आकाशवाणी, मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ, अजून लागते. 'आपली आवड'मध्ये स्वतःचं नाव ऐकायला माणसं रेडिओला कान लावून बसायची. त्याही आधी, १९५२ साली, अमीन सायानींनी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू केली, तीही श्रोत्यांच्या पत्रांवरच फुलली. फरक इतकाच, की पत्राला उत्तर पुढच्या आठवड्यात मिळायचं आणि तोवर विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न विरून जायचा.

यूट्यूबवरही उत्तर लगेच पोचत नाही. आम्ही इथे बोलतो ते समोरच्याला काही सेकंदांनी, कधी वीस-पंचवीस सेकंदांनी ऐकू जातं. सेटिंगमध्ये लेटन्सी कमी करता येते, पण मग नेट डळमळलं की आवाज तुटतो. आम्ही उशीर पत्करला. प्रश्न वाचायचा, उत्तर द्यायला लागायचं आणि विचारणाऱ्याचं "तसं नाही हो" येईपर्यंत आपलंच म्हणणं पुन्हा तपासायचं. मित्राला ही शांतता खुपते. मला आवडते.

आम्ही ठरवलं होतं ॲपर्चर आणि शटरवर बोलायचं. आले ते प्रश्न वेगळेच. मानवतकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं, वेचणीच्या वेळी कापसाचा फोटो काढला की कापूस मळकट का दिसतो? त्याच रात्री एका मुलीने लिहिलं, लग्नात बुरख्यातल्या बायकांचा ग्रुप फोटो काढला की चेहरे पांढरेफटक का पडतात? दोघांचं उत्तर एकच. कॅमेऱ्याला कापूसही कळत नाही आणि बुरखाही. जे समोर येईल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. सगळं पांढरं दिसलं की उजेड कमी करतो, सगळं काळं दिसलं की वाढवतो. फोनवर कापसावर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह थोडं वर ढकलायचं. बुरख्याच्या फोटोत चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि लागलं तर चिन्ह खाली ओढायचं. कापूस आणि बुरखा एका वाक्यात येतील असा भाग आम्ही स्वतःहून कधीच आखला नसता.

एका शुक्रवारी एका खालांचा मेसेज आला. "भाई, सवाल पढो, लेकिन नाम नको लेव." त्यांच्या अम्मींनी आयुष्यात एकच फोटो काढू दिला होता, हजच्या पासपोर्टसाठी. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली. तो फोटो मोठा करता येईल का? मित्राने पटकन सांगितलं, स्कॅन करून आणा. थोड्या वेळाने उत्तर आलं: पासपोर्ट घराबाहेर द्यायचा नाही. मग सुटा करून आणू का, असाही प्रश्न त्यांनीच विचारला. फोटो चिकटवलेला, वर प्लॅस्टिकचा थर. मित्र जवळजवळ ओरडलाच, "खाला, सोडवू नका!" जुना फोटो त्या थरासकट निघतो आणि चेहरा फाटतो. खिडकीजवळ, पण उन्हात नाही, पासपोर्ट सपाट ठेवायचा, फोन बरोबर त्याच्या वर समांतर धरायचा, फ्लॅश बंद. पण प्लॅस्टिक चमकत होतं. खाला पाठवत होत्या तो प्रत्येक फोटो कपाळावर पांढरा डाग घेऊन येत होता. तेव्हा पूर्णेहून कुणी तरी लिहिलं: काळ्या ओढणीला भोक पाडा, त्यातून लेन्स बाहेर काढा आणि ओढणी फोनमागे ताणून धरा. डाग गेला. वीस मिनिटं लागली. भिंतीवर लावायचा नव्हताच, त्या म्हणाल्या. नातीने नानीला पाहिलेलं नाही, तिला दाखवायचा होता.

यानंतर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मित्राला थांबवलं. बायकांचे प्रश्न वाचता, ठीक; उद्या त्यांचा आवाज ऐकवाल. मित्राला गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. तो म्हणाला, पुन्हा रेकॉर्ड करू, हवं ते ठेवू, नको ते कापू. मी नाही म्हणालो. कापायची सोय असली की काय कापलं जाणार, हे मला ठाऊक होतं. मी त्याला राजा दीनदयाळांचं सांगितलं. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. पुरुषांची नजर पडू नये अशी सोय केलेली आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. आपली परभणी तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होती. पडदा पाळणाऱ्या बाईला फोटोपासून दूर ठेवायचं, की तिच्यासाठी सोय करायची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि उत्तरही तेव्हाच दिलं गेलं होतं. "दीनदयाळांना निजामाचा आधार होता," मित्र म्हणाला, "मला भाडं भरायचंय." हेही खरंच आहे. शेवटी ठरलं: थेटच बोलायचं, नाव न घेता प्रश्न वाचायचा, आणि ज्याला किंवा जिला स्वतः बोलायचं असेल तिला अडवायचं नाही.

दोन महिने कुणी बोललं नाही. मग जिंतूरहून एक मुलगी लाइनवर आली, स्वतःच्या आवाजात. लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो ती काढते. तिचा प्रश्न उजेडाचा नव्हता. "भाईजान, मर्दांच्या बाजूच्या फोटोग्राफरला तुम्ही दिवसाचे किती देता? मला त्याच्या निम्मे मिळतात. कॅमेरा तोच, वेळ तोच." मित्राने माझ्याकडे पाहिलं. ऐकणाऱ्यांत त्याची गिऱ्हाइकं होती, त्याच्याकडे काम करणारी पोरंही होती. कापता येण्यासारखं काही नव्हतं. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि आपला दर सांगितला, पूर्ण आकडा. वीस सेकंद काहीच आलं नाही. मग सेलूहून कुणी तरी लिहिलं: बाईला पण हाच देता का?