४२.३४ मीटर

कला शाखेच्या मुलीने रेडिओ घ्यायचे ठरवले, आणि तोसुद्धा संगणकाला जोडायचा, म्हटल्यावर घरात जे व्हायचे तेच झाले. आई म्हणाली, "मोबाइलवर सगळे ऐकू येते की!" बाबा म्हणाले, "कितीला?" आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली.

काचबिंदूने आजोबांची दृष्टी गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. उरले ते कान. तरुणपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायची आणि पहिले कोणते गाणे येणार यावर चहाची पैज लावायची, हा त्यांचा नेम. पुढे गाण्यांची जागा बातम्यांनी घेतली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसीची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवरून थांबली. ती बातमी आजोबांपर्यंत पोचलीच नव्हती. त्यांना वाटले, रेडिओ बिघडला. दोनदा दुरुस्तीला नेला. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, रेडिओ ठणठणीत आहे. बोलणारेच गेले." त्या दिवशी त्यांनी रेडिओ कपाटावर ठेवला तो ठेवलाच.

माझे निमित्त मात्र वेगळे होते. इतिहासाच्या तासाला बाईंनी १९४२ च्या काँग्रेस रेडिओची हकिगत सांगितली. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच. ऑगस्टअखेर मुंबईतून हे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले. सुगावा लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवावे लागे. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या आणि पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. हे केंद्र लागे ४२.३४ मीटरवर. वर्गातील मुली तारखा लिहून घेत होत्या. मी तो आकडा लिहून घेतला. घरी येऊन तीन लाखाला त्याने भागले. उत्तर आले सुमारे ७०८५ किलोहर्ट्झ. आज त्या जागी काय बरे ऐकू येत असेल?

कपाटावरचा रेडिओ उतरवला, काटा तिथवर नेला, तर आतून चक्क बदके ओरडू लागली! आजोबा हसले. विज्ञान शाखेच्या एका सरांना विचारले तेव्हा उलगडा झाला. तो पट्टा परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांचा. ते आपला आवाज अर्ध्या पट्ट्यात कापून पाठवतात. साध्या रेडिओला त्याचा अर्थ लागत नाही. सर म्हणाले, "तुला सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ हवा." जुन्या रेडिओत केंद्र निवडायचे काम कॉइल आणि कंडेन्सर करतात. या नव्या प्रकारात तारेवर येणारी लहर सेकंदाला लाखो वेळा मोजायची, तिचे आकडे करायचे आणि निवडानिवड संगणकावर सोपवायची. हौशी लोकांचा अर्धा आवाजही तोच उलगडून देतो.

मग सुरू झाली खरेदीची मीमांसा. एक होती अंगठ्याएवढी काडी. टीव्ही पाहण्यासाठी निघालेल्या अशा काड्यांमधून लहरींचे कच्चे आकडे काढता येतात, हे हौशी मंडळींना २०१२ साली उमगले, आणि गरिबांचा रेडिओ जन्माला आला. मूळ काडी शॉर्टवेव्हपर्यंत खाली उतरत नसे. नव्या काड्यांत ती सोय असते. पण तिचे माप आठ बिटांचे, म्हणजे २५६ पायऱ्यांचे. महाग यंत्राचे माप चौदा बिटांचे, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांचे. धान्याच्या काट्यावर सोने तोलावे तसे काडीचे होते. शेजारी दांडगे केंद्र असले की बारीक आवाज त्याखाली हरवतो. तिसरा मार्ग फुकटचा. नेदरलंड्समधील त्वेंते विद्यापीठाचा असाच रेडिओ इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतो. मी तोही आजोबांना ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण हे तिथले आकाश ना गं? आपल्याकडे काय येते?"

पाचवीच्या मुलांच्या शिकवणीतून जमलेल्या पैशांत काडीच बसत होती. ती घेतली. वडाळे तलावाजवळच्या आमच्या इमारतीच्या गॅलरीत तार बांधली. पडद्यावर रंगीत धबधबा उतरू लागला आणि कानात आली नुसती खरखर! आठ दिवस हेच. मी काडीला बोल लावले, शिकवणीचे तास वाढवून महाग यंत्र घ्यायचा हिशेबही मांडला.

नवव्या दिवशी रात्री वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. क्षणात खरखर विरली आणि अंधारात एक बाई स्पष्ट चिनी बोलू लागली. तिच्या शेजारी अरबी, त्यापलीकडे कुठले तरी गाणे. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. वीस मिनिटांनी दिवे आले, लिफ्ट हलली, मोबाइलचे चार्जर जागे झाले आणि सगळे बुडाले. आजोबा म्हणाले, "अगं, तुझे यंत्र चांगले आहे. आपलेच घर फार गोंगाट करते." ज्या घरात मला कधी आवाज जाणवला नव्हता, ते घर अखंड ओरडत होते. माझा हिशेबाचा कागद तिथेच फाडला गेला.

पुढच्या रविवारी आजोबांना घेऊन नेऱ्याला आत्याकडे गेलो. गाढी नदीच्या बाजूचे, प्रबळगडाच्या पायथ्याकडचे ते गाव. दहा मीटर तार आंब्याच्या फांदीला बांधली, घराचा मेन स्विच अर्ध्या तासाकरिता बंद केला. आत्या म्हणाली, "तुमचे हे खूळ म्हणजे!" पण तीही येऊन बसली. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी ७०८५ वर गेले. बदके नव्हती. दोन वयस्क माणसे मराठीत बोलत होती.

"तुमच्याकडे पाऊस कसा आहे?"

"सकाळी भुरभुर होती. आता उघडलाय. गुडघ्याचे काय म्हणता?"

एवढेच! ज्या जागेवरून बोलताना एका मुलीला तुरुंग पत्करावा लागला, तिथे आज दोन म्हातारे एकमेकांच्या गुडघ्याची चौकशी करीत होते आणि दारावर कुणाची थाप पडत नव्हती. मला आधी हसू आले. मग वाटले, असे निर्धास्तपणे पावसावर बोलता यावे, यासाठीच तर ते सारे झाले नसेल?

आजोबांकडे पाहिले. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बोलणारे गेले नव्हते गं."

मित्रमैत्रिणींनो, अजूनही मला कोणी विचारते, "कोणता रेडिओ घेऊ?" मी सांगते, परवडेल तो घ्या. आधी घरातले दिवे मालवून पाहा. आणि ऐकायला कोणाला तरी शेजारी बसवा.